हवेच्या गादीवरील नौका

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ही गावे लागतात. नाशिकच्या रस्त्याने गेल्यास चाकण लागते. एके काळी या भागात ज्वारी-बाजरीची शेते होती. आता तेथे मैलोगणती कारखाने उभे आहेत. मोटारी, मालमोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग तेथे तयार होतात. कोणतेही नवे वाहन कागदावर आखावयाचे झाले की तेथील अभियंत्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. या वाहनास किती शक्तीचे इंजिन लागेल? इंजिन लहान पडले तर वाहन जागचे हलत नाही. ते गरजेपेक्षा मोठे घेतले तर त्याचे स्वतःचेच ओझे वाढते आणि इंधन व्यर्थ जळते.

जमिनीवर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देण्यास मागील अनुभव मदतीला येतो. परंतु ज्या वाहनाला चाके नाहीत, जे पाण्यात बुडत नाही आणि आकाशातही उडत नाही, अशा अगदी नव्या वाहनास किती शक्ती लागेल हे कोणी सांगावे? सुमारे सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका नौका बांधणाऱ्या गृहस्थांपुढे हा प्रश्न आला. त्यांनी त्याचे उत्तर दोन रिकामे डबे आणि स्वयंपाकघरातील तराजू यांच्या साहाय्याने शोधून काढले. त्यांचे नाव ख्रिस्तोफर कॉकरेल.

ख्रिस्तोफर यांचा जन्म ४ जून १९१० रोजी केंब्रिज या विद्यानगरीत झाला. त्यांचे वडील सिडनी कॉकरेल हे तेथील प्रसिद्ध फिट्झविल्यम संग्रहालयाचे प्रमुख होते. आई कुशल चित्रकर्ती होती. घरात जुनी हस्तलिखिते, सुंदर चित्रे आणि दुर्मीळ ग्रंथ यांचा सहवास होता. बर्नार्ड शॉ यांच्यासारखे थोर साहित्यिक त्या घरी येत असत. अशा घरातील मुलाने कलेचा किंवा साहित्याचा अभ्यास करावा असे वडिलांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु मुलाचे चित्त जडले होते ते यंत्रांवर. मुलाची ही आवड वडिलांना रुचली नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्या कामगारापेक्षा अधिक काही हा मुलगा होणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. ख्रिस्तोफर यांनी वडिलांशी वाद घातला नाही. त्यांनी आपली वाटही सोडली नाही.

शालेय शिक्षण संपल्यावर ते केंब्रिज विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकले. १९३१ साली पदवी मिळाल्यानंतर काही काळ त्यांनी एका यंत्रांच्या कारखान्यात काम केले. पुढे त्यांनी रेडिओच्या शास्त्राचा अभ्यास केला आणि १९३५ साली ते मार्कोनी कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी जवळजवळ पंधरा वर्षे काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रूची रडार केंद्रे कोठे आहेत हे हुडकून काढणारी उपकरणे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या काळात त्यांच्या नावावर ३६ पेटंटे झाली.

नोकरीत मान होता, पगारही होता. तरी १९५० च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. त्यांना व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांना नौकांची फार आवड होती. थोडाफार पैसा हाती होता. त्यातून त्यांनी इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोकच्या उथळ सरोवरांच्या प्रदेशात लहान नौका बांधण्याचा आणि भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. हा व्यवसाय त्यांना फारसा फायद्याचा ठरला नाही. परंतु नौका बांधता बांधता एक विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

नौकेचे इंजिन जेवढी शक्ती देते, तिचा मोठा भाग पाणी बाजूला सारण्यात आणि पाण्याच्या घर्षणाशी झगडण्यात खर्च होतो. वेग वाढवू लागले की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. गुडघाभर पाण्यातून धावू पाहणाऱ्या कोणत्याही मुलाला हा अनुभव आलेला असतो. मग नौकेचा तळ आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर ठेवता आला तर? ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जॉन थॉर्निक्रॉफ्ट या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच तिचा विचार केला होता. अडचण एकच होती. तळाखाली कोंडलेली हवा चारी बाजूंनी निसटून जाते. ती पुन्हा पुन्हा भरण्यास पंखा लागतो, पंख्यास इंजिन लागते आणि हे इंजिन एवढे मोठे होते की त्याच्याच भाराने नौका खाली बसते.

येथे एक छोटा हिशोब करून पाहिला, तर कॉकरेल यांच्यापुढील अडचण नीट ध्यानात येईल. समजा, दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी एक फळीसारखी सपाट नौका आहे. तिचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर झाले. नौका, इंजिन आणि त्यावर बसलेला माणूस मिळून वजन १५० किलोग्रॅम धरू. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलोग्रॅम भार आला. एका चौरस सेंटिमीटरवर तो केवळ ५ ग्रॅम होतो. आपल्या भोवतालची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार घालीत असते. त्या मानाने हा दाब दोनशेव्या हिश्शाएवढाच आहे. तेव्हा नौका नुसती उचलून धरणे हे काही अवघड काम नाही.

अवघड आहे ते गळती भरून काढणे. नौकेचा घेर ७ मीटर आहे. ती जमिनीपासून एक सेंटिमीटर वर उचलली तर सभोवार एक सेंटिमीटरची फट राहते. एवढ्याशा दाबाने देखील हवा त्या फटीतून सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या जवळपास झाला. अशा रीतीने दर सेकंदास जास्तीत जास्त दोन घनमीटर हवा निसटते आणि तेवढीच हवा पंख्याने आत लोटावी लागते. ५० किलोग्रॅमच्या दाबाविरुद्ध सेकंदाला दोन घनमीटर हवा लोटणे म्हणजे १०० किलोग्रॅमचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याइतके काम होय. एका सेकंदात ७५ किलोग्रॅम ओझे एक मीटर उचलणाऱ्या शक्तीस एक अश्वशक्ती म्हणतात. तेव्हा या नौकेस सव्वा ते दीड अश्वशक्ती पुरेल. पंखा आणि हवेचे मार्ग यांत जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तर सुमारे तीन अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे लागेल. आकुर्डी येथे अनेक वर्षे तयार होत असलेल्या स्कूटरचे इंजिन याहून अधिक शक्तीचे असे.

एवढ्यावरून काम सोपे वाटेल. परंतु एक सेंटिमीटरच्या फटीवर तरंगणारी नौका पहिल्याच लाटेवर आपटेल. फट दहा सेंटिमीटर ठेवावयाची म्हटली, की निसटणारी हवा दहापट होते आणि इंजिनही दहापट शक्तीचे, म्हणजे तीस अश्वशक्तीच्या घरातले लागते. असे इंजिन जड असते. वजन वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की हवा अधिक वेगाने निसटते. वजन दुप्पट झाले तर लागणारी शक्ती दुप्पट न होता पावणेतीन पटीहून अधिक होते. शिवाय पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती ती वेगळीच. या चक्रातून बाहेर पडण्याची वाट सापडत नव्हती, म्हणूनच पूर्वीच्या लोकांनी हा नाद सोडून दिला होता.

कॉकरेल यांनी प्रश्नाची दिशा बदलली. मोठे इंजिन कोठून आणावे याचा विचार न करता हवा निसटणार नाही असे काय करावे याचा त्यांनी विचार केला. नौकेच्या तळाच्या मध्यभागी हवा सोडण्याऐवजी ती काठाकाठाने एका अरुंद फटीतून, किंचित आतल्या बाजूस वळवून खाली सोडली तर? वेगाने वाहणाऱ्या या हवेचाच सभोवार एक पडदा तयार होईल आणि आतील हवा त्या पडद्याने कोंडली जाईल, असे त्यांना वाटले.

केवळ वाटण्यावर विसंबून राहणारे ते नव्हते. १९५५ साली त्यांनी या कल्पनेची परीक्षा घेतली. कॉफीचा एक रिकामा डबा त्यांनी घेतला. त्याच्या आत मांजराच्या खाण्याचा एक लहान डबा बसविला. दोन्ही डब्यांच्या मध्ये सभोवार एक अरुंद फट राहिली. वरून हवा फेकणारे यंत्र जोडले आणि खाली स्वयंपाकघरातील तराजू ठेवला. प्रथम एकट्या डब्यातून हवा सोडून तराजूवर किती भार पडतो हे त्यांनी पाहिले. नंतर तीच हवा दोन डब्यांमधील गोल फटीतून सोडली. हवा फेकणारे यंत्र तेच होते, त्याची शक्तीही तेवढीच होती. परंतु तराजूवरील भार जवळजवळ तिप्पट झाला. जे काम मोठ्या इंजिनाने होत नव्हते, ते हवेच्या पडद्याने होऊ शकेल याचा हा पुरावा होता. त्या दिवशी वापरलेल्या सामानाची किंमत कोणत्याही घरास परवडण्यासारखी होती.

पुढे त्यांनी बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची एक लहान नमुनानौका तयार केली आणि तिला खेळण्यातील विमानाचे इंजिन बसविले. ती पाण्यावरून आणि जमिनीवरून सारख्याच सहजतेने सरकू लागली. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. आपल्या वाहनास त्यांनी हॉवरक्राफ्ट, म्हणजे अधांतरी तरंगणारे यान, असे नाव दिले.

आता खरी कसोटी सुरू झाली. नौका बांधणाऱ्या कारखानदारांना हे वाहन विमान वाटले आणि विमाने बांधणाऱ्यांना ती नौका वाटली. दोघांनीही हात झटकले. सरकारी अधिकाऱ्यांना कॉकरेल यांनी त्यांच्याच कचेरीतील गालिच्यावर नमुनानौका चालवून दाखविली. सरकारने तिच्यात लष्करी महत्त्व आहे असे मानून शोध गुप्त ठरविला. परंतु नौदल, वायुदल व भूदल यांपैकी कोणीही तो पुढे नेण्यास तयार झाले नाही. शोध गुप्त असल्यामुळे कॉकरेल यांना इतरत्र मदतही मागता येईना. हाताशी होता तो पैसा संपत आला. प्रयोग चालू ठेवण्यासाठी त्यांनी घरातील चीजवस्तू विकल्या. या सर्व काळात मार्गारेट त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या.

अखेर गुप्ततेचे बंधन उठले. १९५८ साली नव्या शोधांना साहाय्य करणाऱ्या एका सरकारी महामंडळाने या कामासाठी पैसा देण्याचे ठरविले. वाइट बेटावरील काउझ येथील सॉन्डर्स-रो या कंपनीकडे पूर्ण आकाराचे हॉवरक्राफ्ट बांधण्याचे काम सोपविण्यात आले. काही महिन्यांतच ते तयार झाले. त्याचे नाव एस. आर. एन. वन. ते सुमारे नऊ मीटर लांब होते. त्याला ४३५ अश्वशक्तीचे विमानाचे इंजिन बसविले होते. वजनदार यान लाटांपासून सुमारे वीतभर वर राहावे, म्हणून एवढ्या शक्तीची गरज होती. ११ जून १९५९ रोजी लोकांच्या डोळ्यांसमोर हे यान पाण्यावरून आणि जमिनीवरून तरंगत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २५ जुलै १९५९ रोजी, हे यान फ्रान्समधील कॅले येथून इंग्लंडमधील डोव्हरकडे निघाले. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १९०९ सालच्या त्याच दिवशी, लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानातून प्रथमच ती खाडी ओलांडली होती. हॉवरक्राफ्टवर चालक पीटर लॅम्ब, अभियंता जॉन चॅप्लिन आणि स्वतः कॉकरेल असे तिघे होते. कॉकरेल यांच्याकडे मोठे मानाचे काम नव्हते. यान एका बाजूस कलू लागले की दुसऱ्या बाजूस जाऊन उभे राहावयाचे आणि आपल्या अंगाच्या भाराने तोल सांभाळावयाचा, एवढेच त्यांचे काम होते. ज्यांनी यान कल्पिले ते गृहस्थ त्यावर वजनाचे ओझे म्हणून उघड्यावर उभे होते! सुमारे दोन तासांत ते डोव्हरच्या किनाऱ्यास लागले.

तरीही हिशोबातील एक अडचण शिल्लक होती. हवेच्या पडद्याने गळती कमी झाली, पण उंच लाटांवरून जाण्यासाठी फट मोठी ठेवावीच लागे आणि मोठी फट म्हणजे मोठे इंजिन. ही अडचण लॅटिमर-नीडहॅम या दुसऱ्या एका इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेने दूर झाली. त्याने यानाच्या कडेला रबरी कापडाची लवचीक झालर लावण्याचे सुचविले. झालर लाटेवरून किंवा दगडावरून जाताना दबते आणि पुन्हा सरळ होते. त्यामुळे यानाचा तळ मीटरभर उंच राहतो, पण हवा निसटण्याची फट मात्र झालरीच्या खाली थोडीशीच राहते. त्याच शक्तीच्या इंजिनावर यान कितीतरी पट उंच अडथळे ओलांडू लागले. आज कोणी हौशी कारागीर घरच्या घरी लहान हॉवरक्राफ्ट बांधतो, तेव्हा अशी झालर लावल्यामुळेच त्याचे काम बेताच्या इंजिनात भागते. त्यालाही हिशोब करावा लागतो तो वजन, घेर आणि फट याच तीन गोष्टींचा.

१९६८ साली मोटारी व शेकडो प्रवासी वाहून नेणारे प्रचंड हॉवरक्राफ्ट इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये ये-जा करू लागले. त्यास प्रत्येकी सुमारे ३४०० अश्वशक्तीची चार इंजिने होती. ही वाहतूक २००० सालापर्यंत चालली. पुढे समुद्राखालून बोगदा झाला, जलद जहाजे आली आणि इंधनाचा मोठा खर्च या यानांना परवडेना. परंतु जेथे चाके रुततात आणि नौका गाळात बसते, तेथे हॉवरक्राफ्टला अजूनही तोड नाही. दलदलीचा प्रदेश, उथळ खाड्या आणि पुराने वेढलेली गावे येथे ते उपयोगी पडते. आपल्या देशाचे तटरक्षक दलही किनाऱ्यावरील गस्तीसाठी आणि बचावकार्यासाठी हॉवरक्राफ्ट वापरते.

कॉकरेल यांना १९६९ साली सर ही पदवी मिळाली. धन मात्र त्यांना त्या मानाने थोडेच मिळाले. ज्या कंपनीच्या स्थापनेस त्यांचा शोध कारण झाला, तिच्या धोरणाशी मतभेद झाल्यामुळे १९६६ साली ते तिच्यातून बाहेर पडले. तरी त्यांची जिज्ञासा थकली नाही. समुद्राच्या लाटांपासून वीज कशी मिळवावी यावर त्यांनी उतारवयात पुष्कळ काम केले. १ जून १९९९ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या यानाने प्रथम लोकांना दर्शन दिले, त्या घटनेस चाळीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे दहा दिवस उरले होते.

मोठमोठ्या कारखान्यांत आज यंत्रांची शक्ती मोजण्यासाठी अतिशय महागडी उपकरणे असतात. ती असणे भाग्याचे आहे. परंतु नव्या मार्गावर पहिले पाऊल टाकणाऱ्यास एखादा साधा तराजूही पुरतो, जर त्याने आधी प्रश्न नेमका ओळखला असेल तर. कॉकरेल यांनी शक्ती कोठे वाया जाते ते प्रथम शोधले, मग ती वाचविली, आणि जे सांगितले ते तोलून दाखविले. दोन रिकाम्या डब्यांतून निघालेला तो वाऱ्याचा झोत पुढे खाडी ओलांडून गेला, याचे कारण हेच होय.